मनोऱ्याचं गाव : सरभेंद्रराजपट्टिणम

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचं मंदिर आणि सरस्वती महाल पाहून परत फिरतो. आज आपण तिथून दक्षिणेला, साधारण पासष्ट किलोमीटरवर, समुद्रकाठच्या एका लहान गावी जाऊ. नाव सरभेंद्रराजपट्टिणम. सरभेंद्र म्हणजे आपले दुसरे सरफोजीराजे.

वाटेत ओरत्तनाडला जरूर थांबा. तिथे राजांनी मुक्तांबाच्या नावानं बांधलेलं छत्र आहे. छत्र म्हणजे रामेश्वरच्या यात्रेकरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. १७९९च्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं, पण छत्रं आपल्याकडेच राहावीत म्हणून राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात तपशील आहे: येणाऱ्या प्रत्येकाला, जातपात न बघता, शिजवलेला भात. शिजवलेलं चालत नसेल त्याला तेवढाच कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवायचं राहिलंय का याची विचारपूस.

पुढे पट्टुकोट्टै, मग नारळाच्या बागा. २०१८च्या गजा चक्रीवादळानं इथली असंख्य झाडं आडवी केली होती.

आणि मग किनाऱ्यावर मनोरा. हो, तमिळ लोकही त्याला मनोराच म्हणतात! षट्कोनी, आठ मजली, सुमारे पंचाहत्तर फूट उंच. नेपोलियनच्या पाडावाच्या आनंदात राजांनी तो उभारला. वॉटर्लूचं स्मारक असं सर्रास सांगतात, पण शिलालेखात साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई झाली १८१५ मध्ये. लेख मराठीतही आहे, म्हणून ऊर भरून येतो. पण मजकूर आहे इंग्रजांच्या विजयाचा, आणि लिहिणाऱ्याचं राज्य इंग्रजांनीच घेतलेलं. मला विचाराल तर राजांचा मोठेपणा या उंच मनोऱ्यापेक्षा ओरत्तनाडच्या भातात जास्त आहे.

भूक लागली की शेजारच्या मल्लिपट्टिणम बंदराकडे वळा. ताजी मासळी मिळते. चिंचेचा कोळ घातलेलं मीन कुळंबु आणि भात खा.

इथला समुद्र उथळ आहे, तळाशी समुद्री गवत वाढतं. ते खाणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, याच पाल्क उपसागरात राहते. तमिळमध्ये कडल पसु. तिच्यासाठी २०२२ मध्ये देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन क्षेत्र इथे जाहीर झालं, ४४८ चौरस किलोमीटरचं. ती लाजाळू, किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही. जाळ्यात सापडली तर जाळं कापून तिला सोडणाऱ्या कोळ्यांचा वनखातं बक्षीस देऊन सत्कार करतं. बंदरावर त्यांच्याशी बोला, तमिळ येत नसलं तरी ‘कडल पसु’ एवढं पुरेल.