हवेची बोट, उल्हासचं पाणी

रबरी बोट म्हटलं की आपल्या भागात सगळ्यात आधी पूर आठवतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा हजारभर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफने आणल्या त्या हवा भरलेल्याच बोटी होत्या. त्यामुळे "आम्ही पाच जण मिळून तसलीच एक छोटी बोट घेतोय, मासे पकडायला" असं घरी सांगितल्यावर काय झालं असेल, ते सुज्ञांस सांगणे न लगे!

तर ती बोट आता आमच्याकडे आहे, आणि कँटीनमध्ये तिच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. एक, "बुडत नाही का?" आणि दोन, "गळ लागला की फुटते का?" दोन्हीचं उत्तर जवळजवळ 'नाही' असंच आहे. खरी भीती तिसऱ्याच गोष्टीची असते आणि तिच्याबद्दल कोणीच विचारत नाही. म्हणून हा लेख.

मुळात ही आयडिया इंपोर्टेड वगैरे नाही. आपल्याकडे पूर्वी मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्यांना विहिरीत पोहायला शिकवायचे. भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड नदी ओलांडायला वापरत. आजही धरणांच्या जलाशयात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे लोक दिसतात. भोपळा, ट्यूब, आमची बोट, तिघांचं तत्त्व एकच: हवा कोंडून ठेवा आणि तिच्यावर बसा.

आता थोडा हिशोब. (फर्स्ट इयरचा आहे, घाबरू नका.) आमच्यासारख्या बोटीला दोन्ही बाजूंना साधारण अडीच मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या असतात. एका नळीचं आकारमान सुमारे ३१४ लिटर, दोन्हींचं मिळून ६२८. म्हणजे आर्किमिडीजच्या नियमाने ही बोट पूर्ण बुडायला ६२८ किलोच्या आसपास वजन लागेल. दोन माणसं, वल्ही, गळ, जेवणाचे डबे आणि बोट स्वतः धरून २०० किलोच्या वर काही जात नाही. एक नळी पूर्ण बसली तरी दुसरी ३१४ किलो पेलते. बोट कलेल, डबे जातील, आपण भिजू, पण धरून राहायला काहीतरी उरेल. अट एकच, दोन्ही नळ्यांची हवा वेगळी हवी. म्हणून विकत घेताना रंग बघण्याआधी कप्पे मोजायचे. एकच कप्पा असलेली बोट म्हणजे स्विमिंग पूलमधलं खेळणं, ती नदीवर नेऊच नये.

हवा किती भरायची? इथे पुष्कळ जण गाडीच्या टायरसारखा विचार करतात. टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास दाब असतो, बोटीच्या नळ्यांमध्ये फक्त १ ते ३. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने बोट भरणं म्हणजे शिवण उसवायची सोय! कारण थिन सिलिंडरच्या सूत्रात आहे. कापडावरचा ताण हा दाब गुणिले व्यासावर अवलंबून असतो. नळी जितकी जाड, तितका त्याच दाबाला ताण जास्त. म्हणून जाड नळ्यांना कमी दाब चालतो आणि काही बोटींच्या पातळ, सपाट तळाला ८-१० पीएसआय सुद्धा सोसतो.

ह्याहून मजेशीर प्रकार उन्हाचा आहे. सकाळी २५ डिग्रीला ३ पीएसआय भरून बोट काठावर ठेवली आणि मे महिन्याच्या उन्हात आतली हवा ५५ डिग्रीला गेली, तर दाब किती वाढेल? उत्तर पाठ असतं, "तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे १० टक्के." बरोबर, पण ते ॲब्सोल्यूट दाबाचे १० टक्के. बाहेरचा वातावरणाचा दाब काही वाढत नाही, त्यामुळे सगळी वाढ गेज दाबात येते आणि ३ चे जवळपास पावणेपाच होतात. म्हणजे ६० टक्के वाढ! (कापड थोडं ताणतं, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी.) थर्मोचा हा फरक आम्हाला वायवात कळला नव्हता, टम्म फुगलेल्या बोटीने कळवला. उलट उन्हात भरलेली बोट गार पाण्यात टाकली की लगेच लुळी पडते आणि सगळ्यांना वाटतं पंक्चर झाली. तेव्हा काठावर हवा थोडी कमीच ठेवायची, पाण्यात पाच मिनिटं गार होऊ द्यायची आणि मग पंप मारायचा.

आता तो तिसरा प्रश्न. ह्या बोटीचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा, आणि तिचा मोठा दोषही तोच. तळाला धार नाही, निम्म्याहून जास्त भाग पाण्याच्या वर. त्यामुळे वारा तिला ढकलतो आणि पाणी नेईल तिकडे ती जाते. दोघांनी जीव तोडून वल्ही मारली तरी माणूस चालतो तेवढाच वेग. ती बुडत नाही हो, पण नको तिथे घेऊन जाते! म्हणून बोटीपेक्षा नदी समजून घेणं जास्त महत्त्वाचं.

आपली उल्हास खंडाळा-राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणजवळ येते. इथे काळू आणि भातसाचं पाणी मिळतं आणि नदीची खाडी होते. दुर्गाडीखाली किंवा डोंबिवलीच्या मोठागावला जे पाणी दिसतं ते दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा उतरतं. ओहोटीच्या विरुद्ध वल्ही मारणं म्हणजे उलट्या दिशेच्या एस्कलेटरवर चढणं. आणि पाणी उतरलं की काठाला राहतो तो गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल. पहिल्याच दिवशी एका आगरी काकांनी आमची बोट खालून वर बघितली आणि एवढंच म्हणाले, "पानी उतरला का चिखलान बसाल सहा तास."

भरतीची वेळ काढायची त्यांची रीत फारच सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे तिथी म्हणजे माझ्यासाठी कॅलेंडरवरची तारखेजवळची बारीक अक्षरं होती. पण चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, आणि पाऊण तास हा त्याचाच राऊंड-ऑफ आहे, हे लक्षात आल्यावर काकांबद्दलचा आदर एकदम वाढला. मात्र ही वेळ समुद्रकाठची. कल्याणपर्यंत पाणी चढायला त्याहून उशीर लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सगळ्यात जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला सगळ्यात कमी. आम्ही अष्टमी-नवमी गाठतो, आणि ओहोटीबरोबर कधीच लांब जात नाही.

वरच्या बाजूला भरतीची कटकट नाही, पण तिथे बंधारे आहेत. आपटी, मोहने वगैरे ठिकाणी नळाचं पाणी उचलायला ते बांधलेत. वरून बघितलं तर पाणी नुसतं चादरीसारखं ओघळताना दिसतं. सिव्हिलवाल्यांनी हायड्रॉलिक जंप लॅबमध्ये बघितला असेल. बंधाऱ्याच्या पायथ्याशी तो बुडालेला असला की वरचं पाणी उलटं, भिंतीकडे वाहतं. त्यात अडकलेली हलकी बोट तिथल्या तिथे गरागरा फिरत राहते आणि माणूसही. बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे लांब राहणे, ह्यात चर्चा नाही.

आणि पावसाळ्यात बोट माळ्यावर. बारवी धरण भरलं की दरवाजे आपोआप उघडतात, कोणाला विचारत नाहीत. मे महिन्यात रायत्याला जिथे खडक मोजता येतात तीच नदी जुलैत गाडी अडवते. ऑक्टोबरनंतर जायचं, लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं (पट्टे लावून, उशी म्हणून नाही), आणि "मला पोहता येतं" हे कारण चालत नाही. धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क बहुतेक मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांचं ते पोट आहे, आपला रविवार.

मासे काय मिळतात? वर गोड्या पाण्यात मरळ, रोहू, चिलापी. खाली खाडीत बोईट, शिंगाळा, आणि नशीब असेल तर जिताडा (आमचं अजून उघडायचंय). पण वालधुनी जिथे अंबरनाथ-उल्हासनगरचं सगळं घेऊन खाडीला मिळते तिथला मासा आम्ही खात नाही, परत सोडतो.

पंक्चरचं राहिलंच. साधा गळ जाड पीव्हीसीला सहसा ओरखडाच काढतो. घात करतो तो शिंगाळ्याचा काटा, खडकावरची कालवं, आणि गणपतीनंतर घाटाजवळ पडलेल्या पाटांचे खिळे. साबणाचं पाणी लावून भोक शोधायचं आणि पीव्हीसीसाठीच मिळणारा पॉलियुरेथेन गोंद वापरायचा. सायकलवाल्याचं सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही, दुसऱ्या दिवशी ठिगळ सोलून हातात येतं. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे आणि एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

शेवटचा प्रश्न, न्यायची कशी? गुंडाळून पिशवीत घातली की लोकलच्या मालडब्यात मावते. टिटवाळा किंवा बदलापूर लोकल, सकाळची पहिली. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सोसायटीच्या गच्चीवर सावलीत वाळवायची, टाल्कम पावडर मारायची आणि सैल गुंडाळून उंच ठेवायची. उंच अशासाठी, की उंदरांना पीव्हीसी फार आवडतं. का आवडतं, ह्यावर बायोटेकच्या कोणाला प्रोजेक्ट करायचा असेल तर सँपल आमच्याकडे तयार आहे.