आत्या खोली का सोडीना

लालबागच्या चाळीत माझी आत्या एकटी राहते. वय ७८. १९८२ च्या संपात आतोबांची गिरणी सुटली, पुढे तेही गेले. पण आत्याने दहा बाय बाराची खोली सोडली नाही. दोन्ही गुडघे दुखरे, संडास गॅलरीच्या टोकाला. आम्ही दरसाल म्हणावे, "आत्या, गावी चल, बसून खा." ती म्हणे, "बसून खाल्लं की माणूस बसतंच."

गेल्या चैत्रात चार दिवस तिच्याकडे मुक्काम झाला. खाट विटांवर चढवलेली. काठावर बसले की पाऊल जमिनीला सपाट टेकते आणि गुडघा काटकोनात राहतो, म्हणून उठताना कुणाचा हात लागत नाही. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. ओट्यापाशी उंच स्टूल. संडासात शेजारच्या मुलाने लोखंडी दांडी बसवलेली. मसाल्याचे दिवस होते. बाजारातून मिरची शेजारीण आणी, देठे आत्या खुडी, डंकावर पुन्हा शेजारीण नेई. प्रमाण मात्र आत्याचे!

काठीचे तर मलाच नवल वाटले. उजवा गुडघा जास्त दुखतो, आणि काठी डाव्या हातात! रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तसे सांगितले होते. दुखऱ्या पायाच्या उलट बाजूस काठी धरली की त्या पायावरचा भार हलका होतो. हात सरळ खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाशी यावी, टोकाला रबरी टोपण हवे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

गव्हाण किती उंच असावी, हे मी नोकरीत शेकडो गोठ्यांत सांगितले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेची उंची मात्र कधी मोजली नव्हती.

गावी परतलो आणि आपलेच घर पाहिले. ओसरीची पायरी गुडघाभर, न्हाणीत शेवाळ, संडास परड्यात आणि वाटेवर दिवा नाही. आग्रहाने आत्याला आणली असती, तर चार दिवसांत खाटेला खिळली असती.

मग एका पायरीच्या दोन केल्या, न्हाणीची फरशी खरबरीत केली, बसायला चौरंग ठेवला, परड्यात दिवा लावला. संडासातली दांडी सिमेंटात पक्की केली. टॉवेलच्या दांडीला किंवा नळाला धरून उठू देऊ नये. ती उपटून येतात.

काठी, वॉकर, चाकाची खुर्ची विकत घेणे जमत नसेल, तर समाजकल्याण कार्यालयात विचारावे. दारिद्र्यरेषेखालील ६० वर्षांवरील गरजूंना अशी साधने मोफत देण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली.

दिवाळीत आत्या पंधरा दिवस राहून गेली. न्हाणीत एकटी जाई, भाकरीही थापी. निघताना एवढेच म्हणाली, "संडासातली दांडी वीतभर खाली घे. तुझ्या उंचीने लावलीस."