सर्पदंशाचा प्रतिबंध : संशोधनासाठी सार्वजनिक निधी कशाला?

पातूर तालुक्यात मृगाची पेरणी सुरू झाली, की सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यांना व शेतमजुरांना घेऊन त्यांचे नातेवाईक रुग्णालयात धाव घेतात. देणगीदारांच्या साहाय्याने आम्ही प्रतिविष व प्राथमिक उपचार देऊ शकतो. श्वास मंदावलेल्या रुग्णास मात्र अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे लागते. हे सारे दंशानंतरचे कार्य होय. दंशच टळावा म्हणून काय करावे, हे संशोधनानेच कळते. त्या संशोधनाचा खर्च कोणी सोसावा, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

सर्पदंशाने दगावणारे पुष्कळ जण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून या संकटाचे खरे मोजमाप होत नाही. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतील घरोघरी मृत्यूची कारणे विचारली गेली, तेव्हा खरे चित्र पुढे आले. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्यातील होते आणि एक चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालील मुलांचे.

अशा नोंदींतूनच प्रतिबंधाची दिशा ठरते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करते. तेथे खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी उपयोगी. घोणसाचा दंश बहुधा पायाला होतो. जागलीला वा रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्याने उंच बूट व विजेरी वापरावी. परंतु आपल्या भागात यांतील कोणता उपाय लोक खरोखर अंगीकारतील, हे तपासण्यास वर्षानुवर्षे काम करावे लागते. प्रतिविष विकले जाते, म्हणून त्यास उत्पादक मिळतो. टळलेल्या दंशातून कोणासही नफा होत नाही. म्हणूनच हा भार सार्वजनिक निधीने उचलणे आवश्यक ठरते.

त्याचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबईतील संस्थेने राज्याच्या आरोग्य विभागासमवेत पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात डॉक्टर, आरोग्यसेवक व आशा कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले आणि पाड्यांवर जनजागृती केली. २०१४ साली तेथील सर्पदंशाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक होते. २०१७ पर्यंत ते अर्ध्या टक्क्याच्या खाली आले. २०२४ साली केंद्र शासनाने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट गाठावयाचे, तर डहाणूसारखे काम वऱ्हाडातही व्हावयास हवे.

आमचा वाटा लहान आहे. दंश कोठे, केव्हा व कोणते काम करीत असता झाला, पायांत काय होते, उपचारास किती वेळ लागला, या पाच गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. रुग्णांच्या नातेवाइकांनी ही माहिती आवर्जून सांगावी, विश्वस्तांनी नोंदणीच्या कामास मनुष्यबळ द्यावे आणि देणगीदारांनी लोकप्रतिनिधींकडे संशोधनाच्या निधीचा आग्रह धरावा, ही नम्र विनंती. आपल्या दानाने वाचलेल्या प्रत्येक प्राणाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. रुग्णालयात येण्याची वेळच न आलेला माणूस मात्र कोणत्याही अहवालात दिसत नाही, त्याचीही आठवण असू द्यावी.