गोड्या पाण्याचा हात

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, चिंचेने घासली जातात आणि चार दिवस सोन्यासारखी झळकून पुन्हा काळवंडतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या गृहिणींना रसायनशास्त्राच्या पुस्तकाने शिकवावे लागत नाही. धातूचे आणि ओलाव्याचे हे भांडण जुनेच आहे. घरात त्यापायी फार तर ताक वाया जाते. पण मासेमारीच्या नौकेच्या पोटात बसवलेल्या इंजिनाला ते जडले, तर भर समुद्रात सात-आठ माणसांचे प्राण टांगणीला लागतात.

दापोली तालुक्यातले हर्णै बंदर पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. समोर सुवर्णदुर्ग आणि वाळूवर माशांचा लिलाव. आपण पाहुणे नौकांचे रंग आणि निशाणे पाहून परततो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे तांडेल आहेत. त्यांच्यामुळे मला फळ्या उचलून नौकेच्या पोटात उतरता आले. जागा एवढीशी, की माणसाने वाकूनच वावरावे. "मास्तर, बोट लावा आणि चाटून बघा," तांडेल इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले. मी चाटले नाही. पण बोट फिरवून पाहिले. वर तेलाचा पुसट हात होता, मिठाचा कण नव्हता.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उडालेला थेंब वाळला तरी मीठ मागे उरते, आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसे ते कोकणच्या दमट हवेतला ओलावा ओढत राहते. लोखंड कोरडे दिसते, पण कोरडे नसते! म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून भागत नाही. आधी गोड्या पाण्यात पिळलेले फडके, मग कोरडे आणि शेवटी तेलाचा हात, असा क्रम. विजेच्या जोडण्यांना मात्र पाणी लागू द्यायचे नाही. त्या कोरड्या ठेवून वर ग्रीस लावायचे. रंगाचा टवका उडालेला दिसला, की तेवढी जागा घासून लगेच रंगवायची. साध्या पाण्याला मराठीने 'गोडे' का म्हटले, याचा अर्थ मला वर्गात नव्हे, त्या अरुंद जागेत उमगला.

खारे पाणी आत येते तरी कुठून? पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, त्या ग्लँडमधून ते ठिबकते. थोडे ठिबकू द्यावेच लागते, त्यानेच दांडा थंड राहतो. पण ते वाढले, की फिरता दांडा चहूकडे तुषार उडवतो. म्हणून ग्लँड वेळेवर आवळायचा आणि तळातले पाणी साचू द्यायचे नाही. बंदरात आल्यावर तापल्या इंजिनावर घाईने झाकणही घालायचे नाही. कोंडलेली दमट हवा रात्री गार होते आणि तिचे दव लोखंडावर बसते.

दुसरी वाट नळ्यांची. इंजिन थंड ठेवायला समुद्राचेच पाणी आत घेतात. एका रात्री अशा रबरी नळीची पट्टी गंजून तुटली. तांडेलांनी इंजिन बंद केले. पण नळी पाण्याच्या पातळीखालची, पाणी येतच राहिले. कॉक फिरवायला गेले, तर तो मिठाने धरून बसलेला! शेवटी नळीत गोणपाट कोंबले आणि सात माणसे पहाटेपर्यंत बादल्यांनी पाणी उपसत राहिली. सकाळी दुसऱ्या नौकेने त्यांना ओढून आणले. "चार चहाच्या किमतीची पट्टी होती, मास्तर," एवढेच ते म्हणाले. आता त्यांच्या नौकेत दर नळीला स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन पट्ट्या आहेत, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक कॉक एकदा बंद करून उघडला जातो.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. दोन निराळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात बुडवले, की त्यांची विजेची बॅटरी होते आणि त्यांतला एक झिजू लागतो. १८२४ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने यावर तोडगा सुचवला. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्र खात असे. पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहान तुकडा जोडला, की तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते, हे त्याने दाखवले. गंमत अशी, की तांबे वाचले आणि जहाजे मंदावली! झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने दूर राहणारे शेवाळ आणि शिंपले आता तळाला बिनधास्त चिकटू लागले, आणि तो प्रयोग आरमाराला सोडून द्यावा लागला. पण तत्त्व खरे होते. आज पंख्याच्या दांड्यावर आणि पुष्कळ इंजिनांच्या पाणी थंड करणाऱ्या भागात जस्ताचे तुकडे बसवतात. त्यांना रंग लावायचा नसतो आणि निम्मे झिजले, की बदलायचे असतात. जस्त झिजले म्हणून हळहळू नये. ते झिजते आहे, म्हणून दांडा शाबूत आहे.

यात मोठे यंत्रशास्त्र कुठेच नाही. एक फडके, एक बादली गोडे पाणी, थोडे ग्रीस, जस्ताचा एक तुकडा आणि रोजची अर्धी घटका. मात्र ती अर्धी घटका थकून-भागून बंदरात आल्यावर, घरी जायच्या आधी काढायची असते. सारे अवघडपण तेवढ्यातच आहे. समुद्राला सुटी नसते. म्हणून फडक्यालाही नसावी.