आरोग्य विम्याची नोंदणी केव्हा व कशी करावी?

बदलापूरच्या पश्चिमेस असलेले बेलवली आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. पोटापाण्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या भागांतून येथे स्थायिक होणाऱ्या कुटुंबांची शिधापत्रिका पुष्कळदा मूळ गावच्याच पत्त्यावर राहते. ‘कार्ड गावाकडचे, तेव्हा येथे योजनेचा लाभ नाही’ असा समज त्यामुळे रूढ होतो. तो चुकीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी राज्यातील कोणत्याही जिल्ह्याची वैध शिधापत्रिका चालते.

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून आली व २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेसह तिचे एकत्रित स्वरूप अमलात आले असून प्रत्येक कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही आता त्यात स्थान आहे. लाभार्थ्यास हप्ता भरावा लागत नाही.

खाजगी विम्यात जुन्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते. येथे तशी अट नाही. नोंदणीला ठराविक मुदतही नाही. मग घाई कशासाठी? अडचण उद्भवते ती नावांमुळे. आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. विवाहानंतर सुनेचे नाव सासरच्या पत्रिकेत चढलेलेच नाही. अशा दुरुस्त्या शिधावाटप वा तहसील पुरवठा कार्यालयात होतात व त्यांना वेळ लागतो. रुग्ण खाटेवर असताना ही धावपळ नातेवाइकांना परवडणारी नसते. नवजात बालकाचे नाव पत्रिकेत नसल्यास जन्मदाखला व पालकांची शिधापत्रिका उपयोगी पडते.

कागद जुळल्यावर आधार व शिधापत्रिका घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आशा सेविकेकडे जावे. बोटांचे ठसे अथवा आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवरील संकेतांक यांद्वारे ओळख पटवून कार्ड तयार होते. ते प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र असते. कुटुंबप्रमुखाचे झाले म्हणजे सर्वांचे झाले, असे नव्हे.

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे. त्यास उत्पन्नाची अट नाही, आधार पुरेसे होते. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांची कामगार राज्य विमा योजनेत नोंदणी करणे ही मात्र मालकाची जबाबदारी होय.

एक गोष्ट सर्वांना आवर्जून सांगावी. लाभ अंगीकृत रुग्णालयात, यादीतील उपचारांसाठी व रुग्ण दाखल झाल्यावरच मिळतो. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात येत नाही. दारावरचे बहुतेक वाद याच अज्ञानातून होतात. रुग्णालयात प्रथम आरोग्यमित्रास भेटावे. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे १५५३८८ या क्रमांकावर आधीच विचारता येते.