हाडाच्या मदतीला स्वतःचंच रक्त

डेंग्यूच्या साथीने प्लेटलेट्सचा आकडा आपल्याकडे घरोघरी नेला. दीड लाखाच्या खाली गेला की पपईच्या पानांची शोधाशोध सुरू. याच प्लेटलेट्स जबड्याच्या शस्त्रक्रियेत मुद्दाम गोळा करून हाडात घालतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

गाठ काढताना जबड्याचं हाडही जातं, तेव्हा कमरेच्या हाडातला मऊ भाग आणून ती पोकळी भरतात. या कलमाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या रक्तवाहिन्या पोचेपर्यंतचे दिवस कसोटीचे. रक्त गोठताना प्लेटलेट्स आपल्या कणिकांमधली प्रथिनं बाहेर सोडतात आणि ती पेशींना वाढायला, रक्तवाहिन्यांना फुटायला चालना देतात. १९९८ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या कलमात प्लेटलेट्सनी समृद्ध प्लाझ्मा मिसळला होता. सहा महिन्यांनी त्यांच्या नमुन्यांत हाडाचं प्रमाण सुमारे ७४ टक्के भरलं, उरलेल्यांत ५५.

पण हा प्लाझ्मा वापरण्याचा खटाटोप मोठा. आधी रक्त गोठू नये म्हणून औषध घालायचं, मग ते गोठावं म्हणून गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन! फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ च्या सुमारास ही उलटसुलट कसरतच काढून टाकली. हाताच्या शिरेतून रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, काहीही न मिसळता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवायचं आणि दहा-बारा मिनिटं फिरवायचं. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधोमध फायब्रिनची लवचीक गुठळी. तिला म्हणतात पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. इथे सगळा खेळ घाईचा. नळी यंत्रात जायला उशीर झाला, तर रक्त आधीच गोठू लागतं आणि गुठळी नीट जमत नाही. त्यामुळे मला या पद्धतीत यंत्रापेक्षा रक्त काढणाऱ्याचा हात महत्त्वाचा वाटतो.

गुठळी दाबून पातळ पडदा करतात, किंवा बारीक चिरून हाडाच्या भुकटीत कालवतात. भुकटी चिकट होते, जागेवर बसते. अनेक दंतशल्यविशारदांना ही पद्धत आवडण्याचं हेही एक साधं कारण असावं. हिरडीची जखम लवकर भरते, याचे पुरावे बरे आहेत. हाड जास्त बनतं का, यावर मात्र निष्कर्ष जुळत नाहीत. जुळणार तरी कसे? कुणाची नळी वेगळी, कुणाच्या यंत्राचा वेग वेगळा, आणि नाव मात्र सगळ्यांचं एकच.