गीझर टकटक करतो, पण पेटत नाही!

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी वेगळं काय सांगायचं? चिरंजीव बाथरूममधून ओरडताहेत, "आई, पाणी गारच येतंय!" इकडे कुकरची शिट्टी, खाली रिक्षावाल्याचा हॉर्न, आणि गॅसचा गीझर आपला टकटक, टकटक करतो आहे, पेटायचं काही नाव नाही. मैत्रिणींनो, हा प्रसंग तुमच्याही घरी कधी ना कधी आला असेलच.

अशा वेळी आपण काय करतो? नळ बंद, नळ चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग गीझरला एक चापट. मीही हेच करत असे. पण २०२३ च्या हिवाळ्यात आमच्या घरी जे घडलं, त्यानंतर मी हे यंत्र जरा नीट समजून घेतलं. ते वाटतं तितकं अवघड नाही. ज्या बाईला प्रेशर कुकरची शिट्टी आणि व्हॉल्व्ह कळतो, तिला हेही कळेल.

आपण गरम पाण्याचा नळ सोडला, की वाहत्या पाण्याच्या जोराने गीझरच्या आतली रबराची एक चकती ढकलली जाते. ती एक बारीकसा खटका दाबते. खटका दाबला गेला, की सेलवर चालणारी ठिणगी टकटक करू लागते आणि त्याच वेळी गॅसची झडप उघडते. गॅस पेटला, की ज्योतीत असलेली एक छोटी काडी 'ज्योत आहे' असं कळवते आणि टकटक थांबते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर झडप आपोआप बंद होते. म्हणजे पाणी, सेल, गॅस आणि हवा या चौघांचं जमलं तर गीझर पेटणार. एक जरी रुसला, तरी आंघोळ गार पाण्याची!

आता कोण रुसलं आहे हे ओळखायचं कसं? कानाने.

नळ सोडल्यावर अजिबात आवाज नाही, तर गॅसकडे पाहूच नका. दोष सेलचा किंवा पाण्याचा. बहुतेक गीझरांना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. ते दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा अशी काटकसर करू नका. पुन्हा चार्ज होणारे सेलही इथे नकोत, ते सव्वा व्होल्टच्याच आसपास देतात आणि ठिणगी अशक्त पडते. सेलचं पाणी सुटून खाचेत पांढरट-हिरवट राप बसला असेल तर सेल काढून, लिंबाच्या रसाचा बोळा अगदी हलका फिरवावा आणि खाच पूर्ण कोरडी करून मगच नवे सेल घालावेत.

सेल नवे असूनही आवाज नसेल तर पाण्याचा जोर कमी आहे. जोर कमी, तर चकती ढकलणार कोण? वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे दुखणं हमखास, कारण गच्चीवरची टाकी डोक्यावर अगदी जवळ असते. आमच्याकडे मात्र टाकी धुतल्यावर आठ दिवसांनी हे सुरू झालं. तळाचा सगळा गाळ पाइपातून येऊन गीझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकला होता. ही जाळी पाणी आत शिरतं तिथेच असते. पाण्याची चावी बंद करून, नट सोडवून ती काढता येते. जुन्या टूथब्रशने घासली की झालं. शॉवरच्या चाळणीतही क्षार साठतात. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

टकटक येते पण ज्योत नाही, तर सेल आणि पाणी ठीक आहेत, गॅस पोचत नाही. सिलिंडर संपला का, रेग्युलेटरची कळ नीट फिरली आहे का, नळी कुठे दुमडली किंवा उंदराने कुरतडली आहे का, हे पाहावं. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गीझर पेटतो. नळीला गळती वाटली तर साबणाचा फेस लावून पाहा. काडी ओढून पाहणारी माणसं अजून आहेत, म्हणून हे लिहावं लागतं!

थंडीच्या दिवसांत आणखी एक गंमत होते. संध्याकाळी शेगडी व्यवस्थित पेटते, आणि पहाटे गीझर मात्र हटून बसतो. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण द्रवरूपात असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळून वायू होतो, पण ब्युटेनला शून्याच्या जवळपास आलं की जड जातं. सिलिंडर गॅलरीत, रात्रभर गारठलेला, आणि तळाशी थोडाच गॅस उरलेला असेल तर दाब कमी पडतो. गीझरला शेगडीपेक्षा पुष्कळच गॅस एकदम लागतो, म्हणून तो आधी तक्रार करतो. यावर सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवण्याचा 'घरगुती उपाय' कोणी सांगितला तर हात जोडा. सिलिंडर कधीही तापवायचा नाही. ऊन वर येऊ द्या, किंवा तेवढ्या दिवसापुरतं पातेल्यात पाणी तापवा.

माझी नणंद अमेरिकेत राहते. तिकडे गावाबाहेरच्या घरांत अंगणात प्रोपेनची मोठी टाकी असते आणि सगळं घर उबदार ठेवणारा बॉयलर त्यावर चालतो. थंडी कडाक्याची, म्हणून तिथे शुद्ध प्रोपेनच लागतो. तिचा बॉयलरही एकदा असाच अडला. तीन-चारदा प्रयत्न करून त्याने स्वतःला कुलूप लावून घेतलं आणि ही बाई पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. शेवटी पाहते तर धूर बाहेर जाण्याचा पाइप बर्फाखाली गाडला गेलेला! तिच्या फोनवर मी हसले होते. आमची पाळी यायची होती.

आमचा गीझर तेव्हा बाथरूमच्या आतच होता. घर घेतलं तेव्हापासून तो तिथेच होता आणि आम्ही कधी विचार केला नाही. त्या डिसेंबरात तो पेटायचा आणि चार-पाच मिनिटांत विझायचा. पुन्हा नळ सोडला की पेटायचा, पुन्हा विझायचा. सेल बदलले, जाळी धुतली, सिलिंडर बदलला. व्यर्थ! मग मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, सेन्सर बिघडलाय. तो काढून डायरेक्ट जोडून देतो. परत कधी बंद पडणार नाही." आमचे हे तर लगेच तयार झाले. ऑफिसला उशीर होत होता ना!

तेवढ्यात सासूबाई सहज म्हणाल्या, "काल आंघोळ करताना मला गरगरल्यासारखं झालं गं. डोकंही दुखत होतं. बाहेर येऊन बसले तशी बरं वाटलं." आम्ही ते त्यांच्या ब्लडप्रेशरवर ढकललं होतं. पण मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "आज राहू दे." दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने गीझरला हातही लावला नाही. आधी वर झरोक्याकडे पाहिलं. वारा येतो म्हणून सासूबाईंनी तिथे पुठ्ठा बसवला होता, कडेने वर्तमानपत्राच्या घड्याही खोचल्या होत्या. त्याने पुठ्ठा काढला, दार उघडं ठेवलं आणि नळ सोडला. गीझर दहा मिनिटं निळाशार जळत राहिला.

रुसली होती ती हवा.

बंद खोलीत ज्योतीला प्राणवायू कमी पडला की ती पिवळी पडते, डळमळते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला तसलं काही नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आपल्या आजीच्या वेळचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या धुराने डोळे झोंबायचे, माणूस आपोआप बाहेर पळायचा. गीझर डोळ्यांना काही कळवत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतली शक्ती जाते आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. आमचा गीझर विझत होता म्हणून आम्ही वाचलो. तो प्रत्येक वेळी विझेलच अशी काही खात्री नाही. आणि आम्ही त्याचं विझणंच कायमचं बंद करायला निघालो होतो!

तेव्हा मेकॅनिक 'डायरेक्ट' म्हणाला की त्याला चहा पाजून परत पाठवा. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत लावून घ्या. आत यावं ते फक्त गरम पाणी. आमचा तसा हलवला. पाइपाचा खर्च झाला, भिंतीला भोक पडलं, यांची कुरकुर झाली, पण मी ऐकलं नाही. तोपर्यंत आम्ही बादल्या भरून, गीझर बंद करून, दार थोडा वेळ उघडं ठेवून मगच आंघोळीला जात होतो.

आणखी एक आवाज ओळखून ठेवा. टकटक बराच वेळ चालते आणि मग 'भप्प' करून पेट घेतो, तेव्हा गॅस आधी साचतो आहे आणि ठिणगी उशिरा पोचते आहे. काजळी, दमट हवा, क्वचित एखादं झुरळ, कारण काहीही असो. झाकण आपण उघडायचं नाही, गीझर वापरायचा नाही, कंपनीचा माणूस बोलवायचा. तसंच दोन-तीन प्रयत्नांत पेटला नाही तर थांबा. एलपीजी हवेहून जड असतो, जमिनीलगत बसतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. गॅस बंद करून दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. डॉक्टरांना 'गॅसचा गीझर चालू होता' हे आवर्जून सांगा, नाहीतर तेही आमच्यासारखं ब्लडप्रेशरच धरून बसायचे.

आता आमच्या बाथरूमच्या दाराला कडी आहे, पण ती बाहेरूनही उघडता येते अशी बसवून घेतली आहे. झरोक्यावरचा पुठ्ठा गेला. सासूबाई अजून वाऱ्याची तक्रार करतात. त्यांच्यासाठी आंघोळीनंतर पांघरायला एक जाडसर शाल तिथेच खुंटीला टांगून ठेवली आहे.